महामारीच्या काळात थीम पार्कमधील नाताळ कसा आखावा

थीम पार्कमधील नाताळ हा गर्दीवर पोसलेला सण आहे आणि महामारीत नेमकी गर्दीच नको असते. २०२० च्या हिवाळ्यात, कोविडच्या साथीत, हा पेच ऑरलँडोपासून हाँगकाँगपर्यंत बहुतेक सर्व मोठ्या पार्कांच्या व्यवस्थापनापुढे उभा राहिला. युरोपातील अनेक पार्कांना सरकारी आदेशाने दरवाजे बंद ठेवावे लागले, कॅलिफोर्नियात पाळणे बंद असताना केवळ खाद्यपदार्थांवर सण साजरा झाला, तर फ्लोरिडात पार्क उघडे ठेवण्याची मुभा असल्यामुळे जुना कार्यक्रम मोडून नवा बसवता आला. पुन्हा कधी अशी वेळ आली, तर आयोजकाने काम कोठून सुरू करावे आणि कोणत्या गोष्टींवर पैसा व मनुष्यबळ खर्च करू नये, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. उदाहरणे मुख्यतः फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डची घेतली आहेत, कारण ६ नोव्हेंबर ते ३० डिसेंबर २०२० हा संपूर्ण हंगाम तेथे पार पडला आणि काय वगळले, काय ठेवले, हे तेथे स्पष्ट दिसते.

आधी यादी करा

नेहमीच्या वर्षी पार्कमध्ये नाताळनिमित्त जे जे होते, त्याची यादी करावी आणि तिचे दोन रकाने पाडावेत. पहिल्या रकान्यात वेळ ठरलेल्या गोष्टी लिहाव्यात: आठ वाजताची परेड, साडेनऊची आतषबाजी, झाडावरचे दिवे लावण्याचा सोहळा, गायनवृंदाचा कार्यक्रम. दुसऱ्या रकान्यात दिवसभर जागेवरच असणाऱ्या गोष्टी लिहाव्यात: रोषणाई, सजवलेली झाडे, ध्वनिक्षेपकावरील नाताळगीते, खिडक्यांतील देखावे, गरम कोको, आल्याच्या बिस्किटांचा वास. धोका जवळजवळ सगळा पहिल्या रकान्यात असतो. लोक घरी गेल्यावर ज्याची आठवण काढतात, त्यातील बराचसा भाग मात्र दुसऱ्या रकान्यात सापडतो, आणि यादी कागदावर मांडेपर्यंत आयोजकांच्या हे लक्षात येत नाही.

डिस्ने वर्ल्डने २०२० मध्ये जे केले, ते या दोन रकान्यांतून पाहिले की चटकन समजते. डिस्ने वर्ल्डमध्ये अनेक पार्क आहेत; त्यांतील मॅजिक किंगडममध्ये १९८३ पासून ‘मिकीज् व्हेरी मेरी ख्रिसमस पार्टी’ होते. स्वतंत्र तिकीट, रात्रीची परेड, आतषबाजी, फुकट कुकीज आणि कोको, शिवाय मुख्य रस्त्यावर साबणाच्या फेसाचा ‘बर्फ’ असा तिचा थाट असतो. त्या वर्षी ती पूर्णपणे रद्द झाली. हॉटेलांच्या प्रतीक्षागृहांत उभारली जाणारी जिंजरब्रेडची, म्हणजे आल्याच्या बिस्किटांची, भव्य घरेही झाली नाहीत. झाडे, माळा, संगीत आणि खाद्यपदार्थ मात्र राहिले, आणि हे सारे वेगळे तिकीट न काढता दिवसा येणाऱ्या पाहुण्यांच्या वाट्याला आले. महागड्या रात्रीच्या पार्टीतील काही भाग साध्या तिकिटावर पाहायला मिळाल्यामुळे अनेकांना ते वर्ष अगदीच वाईट वाटले नाही, असे माझे निरीक्षण आहे.

क्षमतेचा हिशेब रस्त्यावर करा, प्रवेशद्वारावर नव्हे

एकूण क्षमतेची टक्केवारी ठरवणे ही सुरुवात आहे. डिस्ने वर्ल्ड जुलै २०२० मध्ये पुन्हा उघडले, तेव्हा सुमारे २५ टक्के क्षमतेने चालत होते आणि नोव्हेंबरमध्ये ती ३५ टक्क्यांवर नेल्याचे कंपनीने सांगितले. तारखेचे आगाऊ आरक्षण असल्याशिवाय तिकीट हाती असूनही आत जाता येत नव्हते. शांघायच्या पार्कनेही मे २०२० मध्ये उघडताना सरकारने घालून दिलेल्या ३० टक्के मर्यादेच्या आतच संख्या ठेवली होती. परंतु पार्कभर विखुरलेली दहा हजार माणसे आणि पार्कमधील शोभेच्या किल्ल्यासमोर एकवटलेली दोन हजार माणसे यांत दुसरी परिस्थिती अधिक धोक्याची असते, म्हणून प्रत्येक चौकाचा आणि प्रत्येक रस्त्याचा हिशेब स्वतंत्र मांडावा लागतो.

समजा, परेडचा रस्ता १०० मीटर लांब आणि १० मीटर रुंद आहे, म्हणजे क्षेत्रफळ १,००० चौरस मीटर झाले. एरवी परेडच्या वेळी दर चौरस मीटरला दोन माणसे धरली, तरी तेथे २,००० लोक मावतात. आता चौघांचे कुटुंब एकत्र उभे आहे आणि दोन कुटुंबांत दोन मीटरचे अंतर आहे असे धरले, तर एका कुटुंबाला साधारण ३ मीटर बाय ३ मीटर, म्हणजे ९ चौरस मीटर जागा लागते. त्या हिशेबाने १११ कुटुंबे, म्हणजे सुमारे ४४० माणसे होतात. त्यातील अर्धा रस्ता ये-जा करणाऱ्यांसाठी मोकळा ठेवलाच पाहिजे, तेव्हा हाती उरतात २२०. दोन हजारांच्या जागी दोनशेवीस! हा आकडा एकदा बैठकीत फळ्यावर लिहिला, की ‘छोटीशी परेड ठेवू या’ ही सूचना पुन्हा कोणी करत नाही.

जमिनीवर खुणा चिकटवताना त्या व्यक्तींसाठी न लावता कुटुंबांसाठी लावाव्यात, म्हणजे खुणेचा चौकोन चार माणसे मावतील एवढा असावा. एकट्या माणसापुरत्या ठिपक्यांवर कोणतेही कुटुंब उभे राहत नाही, आणि एकदा खुणांकडे दुर्लक्ष करण्याची सवय लागली, की पुढच्या सर्व खुणा वाया जातात. रांगा मात्र आरंभापासूनच वळणावळणाच्या न आखता रस्त्याच्या कडेने लांब ताणाव्यात, कारण वळणावळणाच्या रांगेत समोरच्यापासून दोन मीटर दूर उभा असलेला माणूस शेजारच्या ओळीतील माणसाला खेटूनच उभा असतो.

परेडऐवजी अघोषित मिरवणूक

२०२० च्या नाताळातील सर्वांत उपयुक्त कल्पना हीच होती, त्यामुळे तिच्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो.

मॅजिक किंगडमने लांबलचक परेड बंद ठेवली आणि तिच्या जागी एकदोन चित्ररथांच्या छोट्या मिरवणुका दिवसातून अनेकदा काढल्या. कधी मिकी आणि मंडळी नाताळच्या पोशाखात, कधी लाकडी खेळण्यातले शिपाई, कधी स्लेजवर बसलेला सांताक्लॉज. त्यांच्या वेळा जाहीर केल्या जात नव्हत्या. संगीत बदलले, लोकांनी माना वळवल्या, चित्ररथ आला, मुलांनी हात हलवले आणि तो पुढे निघून गेला. डिस्ने वर्ल्डच्याच हॉलिवूड स्टुडिओज या पार्कमध्ये सांताक्लॉज जुन्या पद्धतीच्या उघड्या मोटारीतून रस्त्यावरून फिरला, तर ॲनिमल किंगडम या पार्कमध्ये पात्रे नदीतून होड्यांवर बसून आली. होडीची युक्ती विशेष चांगली म्हणावी लागेल, कारण पाणी आपोआप अंतर राखते आणि दोरी धरून उभे राहणारे कर्मचारी लागत नाहीत.

अशी मिरवणूक आखताना काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. चित्ररथ थांबता कामा नये, कारण तो थांबला की त्याच्याभोवती कोंडाळे होते. एका ठिकाणाहून तो दिसण्याचा काळ एक-दोन मिनिटांपेक्षा अधिक नसावा. दिवसभरात फेऱ्या इतक्या असाव्यात, की एखादी चुकली तरी ‘थोड्या वेळाने दुसरी येईल’ असे कर्मचाऱ्याला प्रामाणिकपणे सांगता यावे. फेऱ्यांमधील अंतर दररोज बदलावे, नाहीतर वार्षिक पासधारक दुसऱ्याच दिवशी वेळापत्रक काढून ते सर्वांना कळवतात. चित्ररथाच्या पुढे आणि मागे चालणाऱ्या कर्मचाऱ्यांनी लोकांना अडवण्यापेक्षा ‘चालत राहा, तो तुमच्या बरोबरच येतो आहे’ असे सांगावे.

वेळ जाहीर केली तर काय होते, ते मी एका छोट्या करमणूक उद्यानात पाहिले आहे. तेथील व्यवस्थापनाने सकाळी समाजमाध्यमावर ‘आज सायंकाळी ७ वाजता सांताक्लॉजचे आगमन’ असा उत्साहाने मजकूर टाकला. पावणेसातपर्यंत रस्त्यावर विखुरलेली माणसे होती. सातला पाच मिनिटे कमी असताना कारंज्याभोवती एवढी दाटी झाली, की चिकटवलेल्या खुणा कोणालाच दिसेनात, आणि ध्वनिक्षेपकावरून ‘कृपया अंतर राखा’ असे सांगणारा आवाज मुलांच्या ओरडण्यात बुडून गेला. सांताक्लॉज ती गर्दी पाहून मागच्या दाराने परत गेला, तेव्हा दोन मुले मोठ्याने रडत होती. त्या उद्यानाचा मास्कचा नियम कडक होता, तापमान तपासणी होती, सॅनिटायझरच्या बाटल्या जागोजागी होत्या. एका वाक्याने ते सारे निरुपयोगी ठरवले.

मोठे फुगे किंवा चित्ररथ आधीच तयार असतील, तर ते न हलवता माणसांनाच त्यांच्याजवळून जाऊ द्यावे, हा दुसरा मार्ग आहे. युनिव्हर्सल ऑरलँडो या पार्कने त्या वर्षी मेसीज या अमेरिकी दुकानसाखळीच्या परेडचे फुगे आणि चित्ररथ रस्त्यावरून नेण्याऐवजी प्रदर्शनासारखे मांडले आणि पाहुणे आपल्या गतीने त्यांच्यामधून फिरले. खुद्द न्यूयॉर्कमधील मेसीजची थँक्सगिव्हिंग परेडही २०२० मध्ये जवळपास एका चौकापुरती करून दूरचित्रवाणीवरच दाखवण्यात आली होती, आणि फुगे माणसांच्या मोठ्या पथकांऐवजी वाहनांनी धरले होते. मराठी वाचकाला यात नवे वाटू नये. त्याच वर्षी आपल्याकडे सार्वजनिक गणेशमूर्तींच्या उंचीला चार फुटांची मर्यादा आली होती आणि लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला होता.

रोषणाई आणि आतषबाजी

आतषबाजीबाबत माझे मत स्पष्ट आहे: ती पूर्ण बंद ठेवावी. आकाशातले दृश्य पार्कभर दिसत असले, तरी लोकांना ते किल्ल्यासमोरूनच पाहायचे असते. डिस्ने वर्ल्डमधील रात्रीची आतषबाजी मार्च २०२० पासून १ जुलै २०२१ पर्यंत बंद होती, त्यात हा नाताळही गेला.

किल्ल्यावर एरवी ‘ड्रीम लाइट्स’ म्हणून दोन लाखांवर दिव्यांचे जाळे चढवले जाते आणि ते उजळण्याचा छोटासा सोहळा होतो. २०२० मध्ये त्याऐवजी अंधार पडल्यावर किल्ल्याच्या भिंतींवर प्रोजेक्शनने नाताळची निरनिराळी सजावट उमटत असे आणि ती रात्रभर आलटूनपालटून बदलत राही. या पद्धतीत सुरुवात आणि शेवट नसतो, त्यामुळे कोणी आधी येऊन जागा धरत नाही. प्रोजेक्शन वापरणार असाल, तर प्रत्येक चित्र निदान दहा मिनिटे टिकू द्यावे. भराभर बदलणारी चित्रे कार्यक्रमाचा भास निर्माण करतात आणि लोक ‘पुढे काय’ म्हणून थांबून राहतात. त्यासोबत कथा, निवेदन किंवा चढत जाणारे संगीत मुळीच जोडू नये.

दिव्यांचा खर्च कमी करण्याची चूक करू नये. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील डॉलीवूड हे पार्क दरवर्षी पन्नास लाखांहून अधिक दिव्यांसाठी ओळखले जाते, आणि त्या वर्षीही ते उघडे राहू शकले याचे एक कारण असे, की दिवे पाहायला चालत फिरावे लागते. कार्यक्रमांतून वाचलेला पैसा दूरच्या, ओस पडणाऱ्या कोपऱ्यांत दिवे लावण्यावर खर्च केल्यास गर्दी आपोआप पांगते.

गाणे

गाताना माणूस श्वास जोरात आणि खोलवर सोडतो, त्यामुळे बाधित गायक बोलणाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक विषाणू हवेत टाकू शकतो. १० मार्च २०२० रोजी वॉशिंग्टन राज्यातील स्कॅजिट व्हॅली येथे एका गायनवृंदाच्या तालमीला ६१ जण आले होते. त्यांपैकी ५३ जण आजारी पडले आणि दोघांचा मृत्यू झाला. ही तालीम बंद सभागृहात होती, उघड्यावर धोका बराच घटतो हे खरे आहे, परंतु खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या शेकडो गायकांना उघड्या हवेचाही फारसा उपयोग होत नाही.

डिस्ने वर्ल्डच्याच एपकॉट या पार्कमधील ‘कँडललाइट प्रोसेशनल’ हा कार्यक्रम १९९४ पासून तेथे होतो. प्रसिद्ध कलावंत येशूजन्माची कथा वाचतो, मागे वाद्यवृंद आणि फार मोठा गायनवृंद असतो. अनेक कुटुंबे केवळ त्यासाठी डिसेंबरात तेथे येतात. २०२० मध्ये तो झाला नाही. त्याच खुल्या रंगमंचावर ‘व्हॉइसेस ऑफ लिबर्टी’ हा मोजक्या गायकांचा समूह परस्परांत अंतर ठेवून नाताळगीते गात असे. आयोजकाने यातून घेण्यासारखे सूत्र सोपे आहे: गायकांची संख्या आठच्या आत असावी, रंगमंच उघडा असावा, प्रेक्षकांची पहिली रांग रंगमंचापासून निदान पाच-सहा मीटर दूर असावी आणि कार्यक्रम पंधरा-वीस मिनिटांत संपवावा. प्रेक्षकांना सोबत गाण्याचे आवाहन करू नये. एखादी ओळ ओळखीची निघाली की लोक गाणारच, तेव्हा निवड करताना सर्वांच्या तोंडी असलेली गीते शेवटी न ठेवता मध्ये कोठेतरी ठेवावीत.

सांताक्लॉज

सांताक्लॉजची भूमिका करणारे पुरुष बहुधा वयस्कर आणि स्थूल असतात. या आजारात नेमका हाच गट सर्वाधिक धोक्यात असतो, आणि त्याच्या मांडीवर दिवसाला शेकडो मुले बसवण्याची आपली परंपरा आहे. त्यामुळे सांताक्लॉजच्या भेटीचे नियोजन करताना आधी त्या माणसाच्या जिवाचा विचार करावा, मग मुलांच्या हौसेचा. खोट्या दाढीखाली मास्क नीट बसत नाही आणि दाढीवरून लावलेला मास्क चेहऱ्याला चिकटत नाही, त्यामुळे मास्कच्या भरवशावर भेट ठेवणे ही स्वतःची फसवणूक ठरते. अंतर आणि उघडी हवा हेच खरे संरक्षण आहे.

डेन्मार्कमधील आल्बोर्ग प्राणिसंग्रहालयाने त्या वर्षी सांताक्लॉजला काचेच्या शोभेच्या गोळ्यासारख्या दिसणाऱ्या मोठ्या पारदर्शक गोलात बसवले होते. कल्पना गमतीची आहे आणि छायाचित्रेही छान येतात, पण गोलाच्या आत हवा खेळती ठेवावी लागते आणि बाहेरच्या पृष्ठभागावर मुलांच्या हातांचे, नाकांचे ठसे सतत उमटत असल्यामुळे एक माणूस पुसण्यासाठीच लागतो.

त्याहून स्वस्त उपाय बाकाचा आहे. सांताक्लॉजची खुर्ची एका हातभर उंच चौथऱ्यावर मागे ठेवावी. तिच्यापुढे दोन मीटरवर कुटुंबासाठी लाकडी बाक मांडावा आणि मधल्या जागेत भेटवस्तूंची खोकी रचावी, म्हणजे मुले पुढे धावत नाहीत. छायाचित्रकाराने कॅमेरा समोर, जरा खाली आणि लांबून लावावा, दूरचे दृश्य जवळ आणणारे भिंग वापरावे. छायाचित्रात सांताक्लॉज जणू बाकामागेच वाकून उभा आहे असे दिसते, खोकी दिसत नाहीत आणि आजी-आजोबांना पाठवण्याजोगे चित्र हाती येते. बाक प्रत्येक कुटुंबानंतर पुसावा, पण त्यावर दोन मिनिटांहून अधिक वेळ घालवू नये. हवेतून पसरणाऱ्या आजारात पृष्ठभाग घासत बसण्यापेक्षा रांग विरळ ठेवणे अधिक कामाचे असते.

मुले काय विचारतील याची तयारी करून ठेवावी. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेचे साथरोगतज्ज्ञ डॉ. अँथनी फाउची यांनी दूरचित्रवाणीवर मुलांना सांगितले होते, की आपण स्वतः उत्तर ध्रुवावर जाऊन सांताक्लॉजला लस टोचून आलो. कर्मचाऱ्यांनाही असेच एखादे साधे, सर्वांचे एकच असलेले उत्तर शिकवून ठेवावे, म्हणजे प्रवेशद्वारावर एक आणि चौथऱ्यापाशी दुसरे असे होत नाही.

खाद्यपदार्थ

खाताना मास्क उतरतो, म्हणून खाद्यपदार्थ हा सणाचा आधारही आहे आणि कच्चा दुवाही. डिस्ने वर्ल्डने जुलै २०२० मध्येच नियम सुधारला, की खाताना-पिताना एका जागी थांबलेच पाहिजे. त्याआधी लोक हातात पेला धरून मास्कविना हिंडत असत. हा नियम फलकावर लिहून पुरेसा होत नाही. जेथे कोको विकला जातो, तेथून दहा पावलांवर उभे राहण्यासाठी उंच मेजे मोकळी मांडलेली असली, तरच तो पाळला जातो. झाकणासह पेला दिला तर माणूस चालू लागतो, झाकण न दिल्यास सांडण्याच्या भीतीने जागीच पितो. क्षुल्लक वाटेल, पण करून पाहावे.

पदार्थांचे स्टॉल एकाच चौकात मांडू नयेत. एपकॉटमधील तळ्याभोवतीचा मार्ग जवळजवळ दोन किलोमीटरचा आहे आणि नाताळातील खाद्योत्सवाचे स्टॉल त्या पूर्ण मार्गावर विखुरलेले असतात. पाच ठिकाणच्या कुकीज घेऊन शिक्के जमवायचे आणि शेवटी एक भेट मिळवायची, हा तेथील ‘कुकी स्ट्रोल’ २०२० मध्येही चालू होता. मुले पुढच्या शिक्क्याकडे ओढत नेतात, त्यामुळे कोणतेच कुटुंब एका स्टॉलपाशी रेंगाळत नाही. असा खेळ ठेवताना सुरुवात कोठूनही करता येईल अशी सोय ठेवावी, अन्यथा पहिल्या स्टॉलवर सगळे येऊन आदळतात.

पाळणे चालवण्याची परवानगीच नसेल, तेव्हा केवळ खाद्यपदार्थांवरही सण उभा राहतो. कॅलिफोर्नियातील नॉट्स बेरी फार्म या पार्कने चाखण्याचे कार्ड विकून ‘टेस्ट ऑफ मेरी फार्म’ नावाने हेच केले, आणि डिस्नेलँडने १९ नोव्हेंबर २०२० पासून बंद पार्कमधील ब्वेना व्हिस्टा स्ट्रीट हा एकच रस्ता खरेदी-खानपानासाठी उघडला. पुढे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दक्षिण कॅलिफोर्नियात उघड्यावर बसून खाण्यावरही बंदी आली. अशा अचानक येणाऱ्या बंदीबद्दल शेवटच्या भागात लिहितो.

मोटारीतून दिवे

कॅलिफोर्नियातील सिक्स फ्लॅग्ज मॅजिक माउंटन या पार्कने त्या हंगामात पाहुण्यांना स्वतःच्या मोटारीत बसवूनच पार्कमधून नेले. रस्ते पुरेसे रुंद असतील, तर हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे, आणि वृद्धांना घेऊन येणाऱ्या कुटुंबांसाठी तर उत्तमच. एका मार्गिकेत दर वीस सेकंदांना एक मोटार सोडली, तर तासाला १८० मोटारी होतात. चार तासांच्या रात्रीत सातशेवीस. तिकिटे यापेक्षा दहा टक्के कमीच विकावीत, कारण एखादी मोटार बंद पडते, एखाद्याला मधेच स्वच्छतागृह हवे असते. बाजूला काढून ठेवण्यासाठी दर दोनशे मीटरवर मोकळी जागा आणि मार्गाच्या आरंभी फिरती स्वच्छतागृहे, एवढी तयारी विसरू नये. संगीत मोटारीच्या रेडिओवर ऐकू येईल अशी व्यवस्था केली, तर खिडक्या उघडाव्या लागत नाहीत. पाळण्यांजवळून जाणाऱ्या वळणांवर दिवे मंद ठेवावेत, चालकाचे डोळे दिपता कामा नयेत.

कर्मचारी

पाहुणे उघड्या रस्त्यावर असतात, पण कर्मचारी पडद्यामागे खिडक्या नसलेल्या खोलीत एकत्र जेवतात आणि पोशाख बदलतात. संसर्ग बहुधा तेथेच पसरतो. कर्मचाऱ्यांचे कायमचे छोटे गट करावेत, गट एकमेकांत मिसळू देऊ नयेत, आणि जेवणाची सोय बंद पडलेल्या प्रेक्षागृहाच्या खुर्च्यांत किंवा उघड्या मंडपाखाली करावी. बंद खोली टाळता येत नसेल, तर तेथे कार्बन डायऑक्साइड मोजण्याचे साधे यंत्र ठेवावे. आकडा ८०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ८०० भाग) वर वारंवार जाऊ लागला, की खोलीतील माणसे कमी करावीत. आजारी पडल्यास पगार कापला जाणार नाही, हे लेखी दिले नाही, तर ताप लपवून माणसे कामावर येतात. प्रवेशद्वारावरील तापमान तपासणीने ती सापडत नाहीत, कारण लक्षणे दिसण्यापूर्वीच हा आजार पसरतो आणि ताप उतरवणारी गोळी कोठेही मिळते.

अर्ध्यावर बंद करण्याची आखणी

डिस्नेलँड पॅरिस २९ ऑक्टोबर २०२० रोजी पुन्हा बंद झाले. १९ डिसेंबरपासून नाताळासाठी उघडण्याचे त्यांनी ठरवले होते, ते जमले नाही आणि दरवाजे थेट १७ जून २०२१ रोजी उघडले. हाँगकाँगमध्ये नाताळची सजावट उभी असताना २ डिसेंबरला पार्क बंद झाले. महाराष्ट्रात २२ डिसेंबरपासून महापालिका क्षेत्रांत रात्री ११ ते सकाळी ६ अशी संचारबंदी लागली, तेव्हा नववर्षाच्या रात्रीचे सगळे बेत एका सायंकाळी मोडले. अशा आदेशाची पूर्वसूचना बहुधा दोन-तीन दिवसांची असते, कधी तीही नसते.

म्हणून कंत्राटे करतानाच बंदीचे कलम घालावे: सजावट, संगीत आणि खानपान पुरवणाऱ्यांना किती दिवस आधी कळवल्यास किती रक्कम द्यायची, हे आकड्यांत लिहिलेले असावे. तिकिटांचे पैसे परत देण्याची पद्धत विक्री सुरू होण्याआधी ठरवावी आणि ती आपोआप चालणारी असावी. बंदीच्या दिवशी दूरध्वनीवर बसवायला माणसे मिळत नाहीत. नाशवंत माल एका वेळी तीन दिवसांपुरताच मागवावा. मार्च २०२० मध्ये डिस्ने वर्ल्ड बंद झाले, तेव्हा उरलेले अन्न मध्य फ्लोरिडातील सेकंड हार्वेस्ट या अन्नपेढीला देण्यात आले. आपल्या भागातील अशा संस्थेशी नोव्हेंबरातच बोलून, त्यांचे वाहन कोणत्या दाराने आत येईल आणि शीतगृहाच्या किल्ल्या कोणाकडे असतील, हेसुद्धा लिहून ठेवावे.